राजीनामा देऊ नको, रजा माग

गेले तीन आठवडे आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चालू आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडचा माझा मावसभाऊ, वय 31, जिल्हा परिषदेच्या शाळेवर परमनंट मास्तर, त्याने जाहीर केलं की राजीनामा देतो आणि सायकलवर जग फिरायला निघतो. झालं. मामा म्हणे पोट्टं वाया गेलं, मोठे काका म्हणे तिकडे अमरावतीत पोट्टे रूम करून पाच-पाच सहा-सहा वर्षं अभ्यास करून राहिले एका नोकरीसाठी अन् हा लाथ मारून राहिला, आणि पुण्या-नागपुरातली आमची तरुण मंडळी खाली हार्ट टाकतायत, जा भावा, आयुष्य एकदाच भेटते. मावशी ग्रुपवर नाही, तिच्याकडे साधा फोन आहे. दिवसभर कापूस वेचून आली होती, तशीच ओसरीवर बसून मला फोन लावला, म्हणाली, "बाई, तू तं तिकडंच रायतं, तूच सांग, असं करते का कोणी तिकडं?"

मला ग्रुपवरच्या सगळ्या मेसेजपेक्षा हा प्रश्न खरा वाटला, म्हणून लिहितेय.

मी अकरा वर्षांपासून जर्मनीत आहे, स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात. तर हो मावशी, इथे करतात. माझ्या मुलीच्या शाळेतल्या बाई मागच्या वर्षी पूर्ण वर्षभर दक्षिण अमेरिकेत फिरून आल्या. पण त्यांनी नोकरी सोडली नव्हती. इथे सरकारी शिक्षकांना सोय आहे, म्हणजे समजा चार वर्षं पाऊण पगार घ्यायचा, त्यातली तीन वर्षं पूर्ण वेळ शिकवायचं आणि चौथ्या वर्षी शाळेत यायचंच नाही, तो पाऊण पगार चालूच. बाई परत आल्या, आता वर्गात पेरू देशातल्या बटाट्यांचे प्रकार शिकवतायत, पोरं खूश. यात कोणाला धाडस दिसलं नाही की कोणी वेडं म्हणालं नाही. आपल्याकडे हेच करायचं तर माणसाला आधी सगळं मोडून दाखवावं लागतं, मग अर्धे लोक त्याला हिरो करतात आणि अर्धे नालायक. माझं सगळं भांडण इथेच आहे.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्यांच्या जुन्या गोठ्याचं छत दुरुस्त करायला एक सुतार पोरगा आला होता. काळी कॉर्डरॉयची ढगळी पँट, काळी रुंद टोपी, हातात वाकडीतिकडी काठी, आणि सामान म्हणजे एका कापडात बांधलेलं गाठोडं, अगदी आपल्याकडे वावरात भाकर बांधून नेतात तशी गाठ. त्याच्या जाकिटाच्या आतल्या बनियनसारख्या कोटाला आठ बटणं होती, मी विचारलं तर म्हणाला आठ तासांच्या कामाची आठ. इथे सुतार-गवंडी लोकांत ही फार जुनी चाल आहे, वाल्त्झ म्हणतात. काम शिकून झालं की तीन वर्षं आणि एक दिवस घराबाहेर फिरायचं, गावोगाव काम करून पोट भरायचं, आणि तेवढ्या काळात आपल्या गावाच्या 50 किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. दारव्ह्यापासून मोजलं तर यवतमाळसुद्धा बंद! पण अटी बघा: वय तिशीच्या आत, लग्न झालेलं नको, पोरबाळ नको आणि डोक्यावर कर्ज नको. म्हणजे ज्याच्या जाण्याने मागे कोणी उघड्यावर पडणार नाही तोच निघणार. त्याच्याकडे एक वही होती, तिच्यात गावोगावचे शिक्के. वही त्याने मला हातात घेऊ दिली, पानांना लाकडाच्या भुशाचा वास येत होता. परत आला की तो पोरगा वाया गेलेला नसतो, चार ठिकाणचं काम बघून आलेला कारागीर असतो.

आमच्या काकांनी ग्रुपवर गाडगेबाबांचं नाव काढलं. म्हणाले बाबा 1905 ला घर सोडून निघाले ते लोकांसाठी, तू कोणासाठी चालला? काका मोठे आहेत, आणि बाबांपुढे आम्ही सगळेच हात जोडतो, पण मला त्या वेळी बाबांच्या बायको कुंताबाई आठवल्या. मागे त्या होत्या, आई होती, लेकरं होती. जाणारा कितीही मोठा असो, चूल पेटवायला कोणीतरी मागे राहतंच, आणि वादात त्या राहणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. माझ्या मावसभावाच्या बाबतीत ती राहणारी म्हणजे मावशी आणि त्याची धाकटी बहीण. पाच एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर, मावसाजींचे गुडघे गेलेले, सोसायटीचं कर्ज त्याच्या पगारातून फिटतंय. जी ले यार म्हणणाऱ्यांपैकी एकाने तरी विचारलं का की पोरीच्या कॉलेजची फी पुढच्या जूनमध्ये कोण भरणार?

आणि पोरींचं निघालंच आहे तर हेही सांगते. मी गाव सोडलं, नवऱ्यामागे सात हजार किलोमीटर आले, हातातली शाळेची नोकरी सोडून आले, तेव्हा कोणत्याही काकांनी वाद घातला नाही. पोरीने बसलेलं सगळं उठवून जायचं हे आपण धरूनच चालतो.

आता गावात लोकांना वाटतं मी परदेशात म्हणजे मी जग फिरतेय. मला माझ्या इथे राहायच्या परवान्यावर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीबाहेर राहता येत नाही, राहिले तर परवानाच जातो. पासपोर्ट अजून भारताचाच आहे. जर्मन बाई बॅग उचलून निघाल्या, मला निघायच्या आधी तारखा मोजाव्या लागतात. आणि मावसभावाला तर त्याहून जास्त. तो मला 1962 ची गोष्ट सांगतो, सतीश कुमार आणि मेनन विनोबांच्या सांगण्यावरून बिनपैशाने दिल्लीहून पायी निघाले ते वॉशिंग्टनपर्यंत पोचले. खरं आहे, आणि विनोबांचं पवनार आपल्याच वर्ध्यातलं म्हणून मलाही त्याचा अभिमान आहे. पण आज युरोपात यायचं तर शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या मिळून एकाच व्हिसाची फी 90 युरो, 30,000 युरोपर्यंतचा खर्च भरून देणारा इन्शुरन्स, बँकेचं स्टेटमेंट, आणि मिळाला तरी 180 दिवसांत 90 दिवसच. शिवाय नोकरी असेल तर मालकाचं पत्र मागतात की हा माणूस रजेवर आहे आणि परत येणार आहे. म्हणजे बघा, राजीनामा दिला की आधी व्हिसाच अवघड होतो. आपल्या पासपोर्टवाल्याला जग फिरायला पण मागे बांधलेली गाय दाखवावी लागते.

म्हणून मी त्याला फोनवर म्हटलं, अरे राजीनामा कायले, रजा माग. महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम 1981 चे आहेत, त्यात असाधारण रजा म्हणजे बिनपगारी रजा आहे, तुला कशी बसते ते विचारून तर बघ. तो म्हणाला, ताई, विचारलं. तालुक्याच्या एका ऑफिसात टेबलावरचा माणूस हसला, म्हणाला फिरायला कुठं रजा असते का गुरुजी, आजाराचं सर्टिफिकेट आणा मंग पाहू. ऐकून माझा जीव तुटला. धडधाकट पोरगा खरं बोलून रजा मागतो आणि त्याला खोटं बोलायला शिकवतात, आणि हाच उद्या चौथीच्या पोरांना खरं बोलावं म्हणून शिकवणार. ज्या मास्तरने जगाचा नकाशा पायाखाली घातलाय त्याच्या भूगोलाच्या तासाला बसायला मिळणं हे आपल्या खेड्यातल्या लेकरांसाठी केवढं मोठं आहे, हे त्या टेबलावर कोणाला कळू नये?

त्याचं हे वेड काही मोबाईलवरचं नाही. लहानपणी आम्ही दोघं शकुंतला रेल्वेत बसून दारव्ह्याहून मूर्तिजापूरला जायचो, लहान लाइन, गाडी इतकी हळू की तो दारातून हात काढून बोरीच्या फांद्या पकडायला बघायचा. मूर्तिजापूरला मोठी लाइन लागली की एका बाजूला मुंबई अन् एका बाजूला हावडा, तिथे तो उभाच राहायचा, मावशी ओढून न्यायची. आता ती गाडी बंद आहे, पण पोरगा अजून त्याच प्लॅटफॉर्मवर उभा आहे असं मला वाटतं, आणि त्याला कोणी ओढून न्यावं असं मला आता वाटत नाही.

तर आमचं ठरलंय ते असं. राजीनाम्याचा कागद त्याने फाडला. परीक्षा होईपर्यंत शाळा, मेच्या सुट्टीत सायकलवर नेपाळ, तिथे आपल्याला व्हिसा लागत नाही, शरीर किती साथ देतं ते कळेल. वर्षाच्या रजेचा अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची, नाकारलं तर कारण लेखी मागायचं. बहिणीची एका वर्षाची फी मी भरते, सोसायटीचे हप्ते तो आधीच बाजूला काढून ठेवणार. मावशीला हे सगळं सांगितलं तर बराच वेळ काही बोलली नाही, मागे बकरी ओरडत होती. मग म्हणाली, "जाऊ दे मंग. पण तूर काढाले माणूस लागते, तेवढं पाहून जाय म्हणा."