पाषाण तलावाचे दुखणे रामनदीत आहे

पुण्यातल्या पाषाण तलावातली जलपर्णी काढण्याचे काम वारंवार निघते, यंत्रे येतात, पाणी काही आठवडे मोकळे दिसते आणि मग तलाव पुन्हा हिरवागार होतो. या कामाला पुनरुज्जीवन म्हणणे मला मान्य नाही. भूगाव-बावधनकडून येणारी रामनदी वाटेतल्या वस्त्यांचे सांडपाणी घेऊन तलावात उतरते. त्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर जलपर्णी पोसली जाते, तिचे बी गाळात कित्येक वर्षे जिवंत राहते आणि उपसलेला ढीग काठावरच कुजू दिला, तर तेच खत पहिल्या पावसात परत पाण्यात जाते. कंत्राटे मात्र निघत राहतात.

गाळ काढण्याबाबतही सावध राहायला हवे. तलाव खोल केला की पाण्याचा साठा वाढतो हे खरे, पण तुतवार आणि शेकाट्या यांच्यासारख्या पक्ष्यांना उथळ, चिखलाचा, हळूहळू उतरत जाणारा काठ लागतो. तो खरवडून भिंत बांधली आणि वर फिरायला मार्ग केला, तर मागे उरते ते टाके.

सरकारी यंत्रणेला हे जमतच नाही, असेही नाही. ओडिशातले चिलिका सरोवर १९९३ मध्ये रामसर कराराच्या, म्हणजे पाणथळ जागांच्या संवर्धनासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, धोक्यातील पाणथळींच्या यादीत गेले होते. गाळामुळे समुद्राकडची वाट आक्रसली होती, पाण्याचा खारेपणा घटून गोड्या पाण्यातले तण माजले होते आणि मासळी कमी झाली होती. तिथल्या चिलिका विकास प्राधिकरणाने तण उपसण्यावर न थांबता सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडले आणि पाणलोट क्षेत्रातही काम केले. मासळी परतली, आणि २००२ मध्ये सरोवर त्या यादीतून बाहेर पडले.

पुण्याला समुद्र नाही, त्यामुळे उपाय वेगळा असणार. आधी रामनदीला मिळणारे सांडपाण्याचे नाले वळवून शुद्धीकरण केंद्रात न्यावे लागतील, आणि ते केंद्र नायट्रोजन-फॉस्फरस काढणारे हवे, कारण नुसत्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावरही जलपर्णी जोमाने वाढते. अडचण अशी, की नदीचा उगमाकडचा भाग महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे आणि तलाव हद्दीत. उगमापासून तलावापर्यंतच्या सगळ्या पाणलोटाची जबाबदारी एकाच यंत्रणेकडे द्यावी, आणि ती ठरेपर्यंत काठाच्या सुशोभीकरणाची नवी निविदा काढू नये, एवढी माझी मागणी आहे.