पाव किलोचं पिस्तूल

सोलापुरात मे महिन्यात भर दुपारी बाराला घराबाहेर पडायचं तर माणूस एक तर डोक्यानं फिरलेला असावा लागतो, नाहीतर जावई. मी जावई आहे.

आमच्या सासऱ्यांची बाजार समितीत कांद्याची अडत. आम्ही त्यांना मामा म्हणतो. रोकड घेऊन जायचं-यायचं, म्हणून त्यांच्याकडं कित्येक वर्षांपासून परवाना आहे आणि कानपूरचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे. वजन पाऊण किलोच्या आसपास. उन्हाळ्यात मामा पातळ सदरा आणि नाडीचा पायजमा घालतात. पायजम्याच्या खिशात पाऊण किलो लोखंड टाकलं की पुढचं सगळं त्या नाडीच्या भरवशावर. गेल्या महिन्यात ऐन लिलावात नाडीनं भरवसा मोडला. त्या दिवशी कांदा काय भावानं गेला, हे बाजारात कुणालाच आठवत नाही. बाकी सगळं सगळ्यांना आठवतं.

तेव्हापासून मामांनी हलक्या पिस्तुलांचा अभ्यास धरला. मोबाईलवर बघायचं आणि अडतीच्या वहीत मागच्या पानावर टिपून घ्यायचं. मुलीच्या वेळी स्थळं टिपली होती, अगदी तशीच ही टिपणं: उंची, अंगकाठी, वजन, घराणं. केल-टेक पी-३२, अमेरिकेची, १८७ ग्रॅम. तिचीच थोरली पी-३एटी, २३५ ग्रॅम. रुगर एलसीपी, जन्म २००८, २६६ ग्रॅम, लांबी १३१ मिलिमीटर, जाडी फक्त २१. जर्मनीची वाल्थर पीपीके १९३१ सालची, घराणं मोठं, पण अर्ध्या किलोच्या वर, म्हणून नापसंत. सीकॅम्प नावाच्या एकीला तर नळीच्या टोकावर नेम धरायची माशीच नाही. ‘म्हणजे आंधळी’ असा शेरा मामांनी पुढं लिहून ठेवलाय.

रविवारी जेवायला बोलावलं म्हणून गेलो, तर ताटाच्या आधी सोनाराकडचा तराजू समोर आला. शेजारी शेंगा चटणीचा डबा.

“जावईबापू, तुमची पँट कापडी आहे ना? जीनची नाही ना?”

मी हो म्हणालो आणि फसलो.

मामांनी प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत चटणी मोजून भरली. १८७, २३५, २६६. पेनानं नावं घातली. मग त्यांच्या ध्यानात आलं की ही वजनं रिकाम्या पिस्तुलांची, गोळ्या धरलेल्याच नाहीत. पॉइंट बत्तीसची एक गोळी साधारण आठ ग्रॅम. मामांनी छोट्या केल-टेकमध्ये एकेक चमचा टाकत सात गोळ्या भरल्या. मग पिशवी परत तराजूवर जोखून म्हणाले, “बगा, भरली की पाव किलोच्या घरात जातंय. कंपनीवाले हे सांगत नाहीत.” जाडी बघायला कडक भाकरीचे तुकडे एकावर एक रचून २१ मिलिमीटर केले. ते मात्र मी परीक्षा होण्याआधीच खाल्ले.

“आता उजव्या खिशात रुगर, डाव्यात केल-टेक. बसा. उठा. वाका. चप्पल शोधल्यासारखं करा.”

मामींनी स्वयंपाकघरातून एकदा डोकावलं आणि काहीच बोलल्या नाहीत. चाळीस वर्षांचा संसार आहे.

घरातली चाचणी पुरेना, म्हणून स्कूटरवरून बंदुकीच्या दुकानापर्यंत. सात रस्त्याच्या सिग्नलला उन्हानं चटणीला तेल सुटलं. उजव्या मांडीवर रुगर पाझरायला लागली. पार्क चौकात मामांना चहा प्यायचा होता, म्हणजे मला चारचौघांत चालवून खिसा फुगलेला दिसतो का ते बघायचं होतं. दिसत नव्हता. पण लसणाचा वास येत होता, आणि एक पिवळं कुत्रं माझ्या मागं मागं चालत होतं. लपवून बाळगायच्या शस्त्राची ही बाजू मामांच्या वहीत कुठंच नव्हती.

दुकानदार म्हातारा आणि शांत. त्यानं वही नीट वाचली, चष्मा काढला.

“यातलं नवं एकही मिळणार नाही. बाहेरच्या हत्यारांची आयात साध्या माणसासाठी ऐंशीच्या दशकातच बंद झाली. जुनं कुणाचं विकायला निघालं तर निघालं, आणि त्याचे लाखानं पैसे सांगतात.”

मग त्यानं ‘निर्भीक’बद्दल सांगितलं. २०१४ साली कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीनं बायकांच्या पर्सचा विचार करून काढलेलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, बत्तीस बोअर, अर्धा किलो. निघालं तेव्हाच किंमत सव्वा लाखाच्या जवळ.

“अर्धा किलो,” मामा म्हणाले आणि माझ्या खिशांकडं बघितलं. मी दोन पावलं मागं सरकलो.

“आणि मालक, फार हलकं घेऊ नका,” दुकानदार म्हणाला. “हलकं पिस्तूल हलक्या माणसासारखं असतंय, लगेच उसळतंय. अंगात वजन नसलं की सगळा धक्का मनगटावर येतो. नळी बोटभर, नेम लागणं अवघड.”

“मारायचं कुणाला आहे?” मामा म्हणाले. “बाळगायचं आहे.”

हे मात्र खरं. गड्ड्याच्या जत्रेत फुग्यांवर छऱ्याच्या बंदुकीनं नेम धरताना मी मामांना पाहिलंय. दहा छऱ्यांत एक फुगा फुटला, तोही शेजारच्या माणसाचा. शिवाय आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा करायचं पत्र येतं. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या, रिव्हॉल्व्हर दोन खेपा मिळून चारेक महिने ठाण्यात होतं. मामींचं म्हणणं, त्या चार महिन्यांत नाडी एकदाही सुटली नाही.

परत येताना मामा स्कूटरवर मागं बसून एकच विचारत होते, “पायजम्याला पट्ट्याची लूप शिवून मिळत असतील का ओ?”

जेवायला बसलो तेव्हा तीन वाजले होते. पँट धुवायला गेली होती, मी मामांच्या लुंगीत. ज्वारीची भाकरी, दही, वांग्याचं कालवण. मामी पिशव्या हातात घेऊन आल्या, डोळे बारीक करून पेनानं लिहिलेलं वाचलं आणि विचारलं,

“जावईबापू, चटणी कुठली वाढू? रुगर का केल-टेक?”

मी फिरायला न गेलेली २३५ ग्रॅमवाली मागितली.

“ती मगाशी ह्यांनी खाल्ली.”

मग रुगरच घेतली. तेल जरा कमी लागत होतं.