वस्तुमानांची बेरीज म्हणजे उत्पादिताचे वस्तुमान नव्हे

परीक्षेच्या तयारीत एक युक्ती हमखास सांगितली जाते: अभिक्रियेसाठी दिलेल्या पदार्थांच्या वस्तुमानांची बेरीज करा, तेच उत्पादिताचे वस्तुमान, कारण द्रव्य अक्षय्य आहे. पुरावा म्हणून २४ ग्रॅम मॅग्नेशिअम आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून ४० ग्रॅम मॅग्नेशिअम ऑक्साइड मिळते, असे दाखवले जाते. हे उदाहरण खरे आहे, पण ते जुळते ते दोन्ही पदार्थ नेमक्या लागणाऱ्या प्रमाणात घेतल्यामुळे.

दोन्ही पदार्थ १०-१० ग्रॅम घेतले, तर युक्तीप्रमाणे २० ग्रॅम ऑक्साइड मिळायला हवे. 2Mg + O₂ → 2MgO या संतुलित समीकरणानुसार मॅग्नेशिअमच्या दोन मोलना (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक संख्या), म्हणजे ४८ ग्रॅमना, ऑक्सिजनचा एक मोल, म्हणजे ३२ ग्रॅम, लागतो. त्यामुळे १० ग्रॅम मॅग्नेशिअम सुमारे ६.६७ ग्रॅमच ऑक्सिजन घेते, १६.६७ ग्रॅम ऑक्साइड तयार होते आणि ३.३३ ग्रॅम ऑक्सिजन तसाच उरतो. एकूण वस्तुमान २० ग्रॅमच राहते. द्रव्य अक्षय्य असल्याचा लाव्हाझिएचा नियम मोडत नाही, कारण तो उरलेला पदार्थही हिशेबात धरतो, आणि युक्ती नेमका तोच विसरते.

समीकरणातील अभिकारकांचे (अभिक्रिया करणाऱ्या पदार्थांचे) २ आणि १ हे सहगुणक, म्हणजे सूत्रांआधीचे आकडे (१ लिहीत नाहीत), ग्रॅमचे प्रमाण सांगतात, हे युक्तीचे दुसरे गृहीतकही चुकीचे आहे. ते कणांची, म्हणून मोलची, संख्या सांगतात. वस्तुमानाचे प्रमाण येथे २:१ नसून ३:२ आहे. म्हणूनच २ ग्रॅम मॅग्नेशिअमला १ ग्रॅम ऑक्सिजन दिला, तर २.५ ग्रॅम ऑक्साइड मिळते आणि अर्धा ग्रॅम धातू शिल्लक राहतो.

ज्याचे वस्तुमान कमी, तो पदार्थ आधी संपतो, ही पुरवणी मला सर्वांत घातक वाटते, कारण ती ऐकताना अगदी पटते. २ ग्रॅम हायड्रोजन आणि १० ग्रॅम ऑक्सिजन यांपासून पाणी तयार करताना आधी संपतो तो ऑक्सिजन: २ ग्रॅम हायड्रोजनला त्याचे १६ ग्रॅम हवे असतात. पाणी ११.२५ ग्रॅम मिळते आणि पाऊण ग्रॅम हायड्रोजन उरतो. प्रत्येक वस्तुमानाला मोलवस्तुमानाने, म्हणजे त्या पदार्थाच्या एका मोलच्या वस्तुमानाने, भागून मोल काढावेत, ते सहगुणकांशी ताडून पाहावेत. कोण आधी संपणार, हे त्यानंतरच ठरते.

आणि जेथे अभिकारक एकच असतो, तेथे तर ही बेरीज करताच येत नाही. १०० किलो शुद्ध चुनखडी पूर्णपणे भाजली, तर भट्टीत ५६ किलो कळीचा चुना उरतो. बाकीचे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात.