तारीख तरी लिहा रे वर!

परवा रात्री साडेअकराला सासूबाई पिंप भरत होत्या. वय 74, दोन्ही गुडघे गेलेले, आणि त्या मोरीत स्टुलावर बसून तांब्या-तांब्याने पाणी ओततायत, कारण सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिंक टाकली "ठाणेकरांसाठी महत्त्वाची बातमी, शुक्रवारी पाणी नाही". पिंप, दोन कळशा, कुकर, डाळ भिजवायचं पातेलं, सगळं भरून झालं. सकाळी नळाला नेहमीसारखं फोर्समध्ये पाणी. मग मी ती लिंक नीट उघडून वाचली आणि डोकंच फिरलं माझं. बातमी मागच्या वर्षीची होती! मागच्या वर्षीची!!

आणि हे कळायला मला काय काय पार करावं लागलं सांगते. वर नळाचा फोटो, तोच, दरवेळी तोच. मग पाणी म्हणजे जीवन, पाणी जपून वापरायला हवं असे तीन पॅरेग्राफ. मग फ्लॅटची जाहिरात. मग "हेही वाचा". मग अख्खा स्क्रीन झाकणारी एक जाहिरात, तिची फुली एवढीशी की बोट लावलं की दुसरंच पान उघडतं. परत मागे या, परत वरून सुरुवात. आणि पार तळाला एक ओळ, शुक्रवारी सकाळी 9 पासून 24 तास. अरे कुठला शुक्रवार? तारीख होती, पण करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात, चष्मा लावूनही मला दिसेना तर 74 वर्षांच्या बाईला काय दिसणार!

बरं, ती बातमी ताजी असती तरी आमच्या कामाची नव्हतीच. ठाण्याला पाणी काही एकाच ठिकाणाहून येत नाही. महापालिकेची स्वतःची योजना आहे, स्टेम नावाच्या पाणीपुरवठा कंपनीचं येतं, एमआयडीसीचं येतं, थोडं मुंबई महापालिकेकडूनही येतं. एमआयडीसीने शटडाऊन घेतला की आम्ही कळवा-मुंब्रा-दिवावाले अडकतो, स्टेमने घेतला की घोडबंदरकडे बोंब. इथे राहणाऱ्या माणसाला एवढंच हवं असतं, कोणाचा शटडाऊन, कधी, कुठल्या भागात. एक ओळ! ही बातमी स्टेमची होती, कळव्याचं नावसुद्धा नव्हतं त्यात. पण ती ओळ पहिली लिहिली तर माणूस वाचून लगेच निघून जाईल ना, मग जाहिराती कोण बघणार. म्हणून उत्तर मुद्दाम तळाला गाडून ठेवायचं, मुद्दाम. याला मी बातमी म्हणणार नाही, ही वाचणाऱ्याच्या वेळेची चोरी आहे, आणि परवा तर एका म्हाताऱ्या बाईची झोप आणि गुडघे पण गेले त्यात.

माझं रोजचं म्हणाल तर कळव्याहून ठाणे आणि तिथून घणसोली. ठाण्याला गाडी बदलली की पंधरा-वीस मिनिटं माझी स्वतःची असतात, दिवसातली तेवढीच. वाचायची आवड आहे मला, खूप आहे. आणि त्या वीस मिनिटांत फोनवर काय येतं? एकच बातमी सहा ठिकाणी, शब्द न् शब्द तोच, शुद्धलेखनाच्या चुका पण त्याच. अमुक राशींचं नशीब उघडणार. तमुकचा एअरपोर्ट लूक. मध्ये एकदा सासूबाईंसाठी गुडघ्याचं तेल शोधलं तर पुढे दोन आठवडे गुडघेच गुडघे. ऐरोली येते, रबाळे येतं, मी नुसता अंगठा फिरवतेय, आणि घणसोलीला उतरताना विचाराल की आज काय वाचलं तर एक वाक्य आठवत नाही. राग येतो हो, पोटातून राग येतो.

मुलीने विचारलं आई फ्लेमिंगो गुलाबी का असतात. साधा प्रश्न. ठाणे खाडी आपल्या दारात, 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य, 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आली, म्हणजे मराठीत यावर ढीगभर चांगलं वाचायला मिळायला हवं ना? मला मिळाली फोटो गॅलरी. "खाडीवर गुलाबी चादर", पंधरा फोटो, प्रत्येकाखाली तेच वाक्य फिरवून. उत्तर कुठेच नाही. शेवटी ऑफिसमधल्या एका पक्षीवेड्याने मला एक लांबलचक लेख पाठवला, बारा पानं, आणि तो मी तीन दिवस गाडीत पुरवून पुरवून वाचला. ते खातात त्या शेवाळातलं आणि बारीक जीवांतलं कॅरोटिनॉइड नावाचं रंगद्रव्य पिसांत उतरतं म्हणून रंग येतो, पिल्लं तर करडी असतात, चिखलात चोच उलटी धरून पाणी कसं गाळतात, सगळं होतं त्यात. घरी येऊन पोरीला सांगितलं तर जेवायचं विसरून ऐकत बसली. म्हणजे लिहिणारे आहेत! कष्ट करून लिहितात! मग तो लेख इतक्या महिन्यांत एकदाही माझ्यापुढे का आला नाही? कारण तो अल्गोरिदम फक्त माझा अंगठा कुठे थांबला ते मोजतो, मला काय उपयोगाचं आहे त्याच्याशी त्याचं घेणंदेणं नाही.

लहानपणी बाबा मला शनिवारी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात न्यायचे. 1893 ची संस्था, वि. ल. भावे आणि मंडळींनी उभी केलेली. तिथे काउंटरवर एक काका असायचे, मागचं पुस्तक परत घेताना विचारायचे, आवडलं का, कुठे कंटाळा आला, आणि मग आत जाऊन एकच पुस्तक घेऊन यायचे. एकच. त्यांनी ते स्वतः वाचलेलं असायचं हो! मला तो माणूस हवाय. मला बातम्यांचे ढिगारे नकोत, कोणीतरी आधी वाचून, निवडून, हे वाच म्हणून हातात दिलेलं हवंय. फोनवर आरएसएस फीड पण लावून बघितलं महिनाभर, त्यात आपण निवडलेल्या साइटचं नवीन लिखाण तारखेनुसार येतं, मध्ये कोणी लुडबुड करत नाही, छान आहे, पण मला हव्या असलेल्या मराठी साइटपैकी निम्म्यांवर ते सापडलंच नाही.

आणि आत्ता हे टाइप करताना ग्रुपवर परत लिंक आलीये. तोच नळाचा फोटो. तारीख शोधतेय मी अजून, आणि मोरीतून बादली सरकवल्याचा आवाज येतोय.