अपडेट चालू आहे, बसा

परवा कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मला भर गर्दीत "आजोबा" म्हटलं गेलं. काम काय होतं, तर एका पानाची प्रिंट. ऑफिस बंद व्हायच्या आत ते पान नेऊन द्यायचं होतं. पोरानं पेनड्राइव्ह घातला, स्क्रीनवर काहीतरी आलं, त्यानं न वाचताच ओके दाबलं, आणि पडदा निळा, मधे गोल गोल फिरणारे ठिपके, खाली "अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका". किती वेळ लागेल रे, एवढंच विचारलं मी. तर म्हणतो कसा, "आजोबा, बसा की खुर्चीवर. तुमच्या वेळी असलं नव्हतं, म्हणून तुम्हाला कळत नाय."

आमच्या वेळी! अरे, तुझा पाळणा हलायच्या आधी कॉन्फिग डॉट सिस नावाच्या फाइलमधे हायमेमची ओळ टाकून, ६४० केबीत चिमूटभर मेमरी मोकळी करून गेम चालवलेत आम्ही. पण हे कुणाला सांगणार. बसलो.

शेजारी बाकड्यावर एक गृहस्थ होते, पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत आधारकार्डांचा गठ्ठा. ते मघापासून त्या ठिपक्यांकडे एकटक बघत होते.

"किती टक्के झालं?"

"सत्तावीस," पोरगं म्हणालं.

"मगाशी बी सत्तावीसच हुतं की. बाळ, हे मशीन कुणाचं?"

"मालकांचं."

"मालकांनी सांगितलं हुतं व्हय अपडेट कर म्हणून?"

"नाय ओ. मालक गावाला गेल्यात."

"मग कुणी सांगितलं?"

"कंपनीनं."

"म्हंजे पैसं दिलं तुझ्या मालकानं, लाइटबिल भरतोय तुझा मालक, आणि हुकूम सोडतीय कंपनी. मग मालक कोण रं लेका?"

पोरगं मोबाईलमधे शिरलं. गृहस्थ माझ्याकडे वळले. "पावणं, मी साखर कारखान्यात हुतो, कॉम्प्युटर सेक्शनला." आणि मग जे सुरू झालं ते सुरूच झालं. त्यांच्या सेक्शनमधे एसी होता, पण तो कॉम्प्युटरसाठी, माणसांचा त्याच्याशी संबंध नाही. पायताण दाराबाहेर. "चेअरमनसायब आलं तरी पायताण भाईर, आं!" गळीत हंगामात काट्यावरच्या पावत्या यायच्या त्या रात्री भरायच्या, पंधरवड्याला ऊस बिलं. नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर आधी डीबेस, नंतर फॉक्सप्रो. "डीबेसला काय यायचं ठाव हाय का? टिंब. नुसतं एक टिंब. ते टिंब गप उभं. तुम्ही च्या पिऊन या, जेवून या, ते तितंच." मराठीत नावं छापायला पुण्याच्या सीडॅकचं जिस्ट कार्ड बसवलेलं होतं, त्याच्याविषयी तर ते धाकट्या भावाविषयी बोलावं तसं बोलत होते. आणि बोलता बोलता त्यांची बोटं काउंटरच्या काचेवर टाइप करायला लागली. खरंच. "यूज ऊस, एंटर. रीइंडेक्स, एंटर," आणि एंटरला उजवी करंगळी काचेवर ठक्कन. मग एकशे बत्तीस कॉलमचा प्रिंटर तोंडानं वाजवून दाखवला, कागद संपतो तिथला वेगळा आवाजसुद्धा. झेरॉक्सवाल्या बाकीच्या चारपाच जणांनी माना वळवून बघितलं, एक बाई पर्स काखेला लावत म्हणाल्या, "मी जातो बाबा, उद्याच येतो."

मला हसू येत होतं आणि खरं सांगायचं तर हेवापण वाटत होता. कारण माणूस बरोबर बोलत होता.

म्हणजे बघा, तो डॉसचा काळा पडदा. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची सिस्टिम, माउस नाही, चित्रं नाहीत, हुकूम टाइप करायचा. ८० कॉलम, २५ ओळी, एका वेळी २००० अक्षरं, संपला विषय. ते ८० सुद्धा कुणी सौंदर्य बघून ठरवलेलं नाही, आयबीएमच्या पंच कार्डाला १९२८ पासून ८० रकाने होते, तीच सवय पुढे पडद्यावर आली. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा, आजच्या मोबाईलपुढे अगदीच किरकोळ, पण बटण दाबलं की अक्षर उमटायचं, त्याच क्षणी. आता आठ जीबी रॅमच्या मशीनवर मी पत्र टाइप करतो तर अक्षर माझ्यामागून लंगडत येतं. हे का, हे मला कुणीतरी नीट सांगा, आणि "रॅम वाढवा" सोडून काहीतरी सांगा.

गोडवेच गातोय असं नका समजू. डॉस हे अत्यंत खडूस प्रकरण होतं. "बॅड कमांड ऑर फाइल नेम" म्हणायचं आणि गप्प, चुकलं काय ते सांगणार नाही. फ्लॉपी खराब झाली की "अबॉर्ट, रिट्राय, फेल?", यातलं काहीही निवडा, फ्लॉपी गेली ती गेलीच. फाइलच्या नावाला इंग्रजी आठच अक्षरं, त्यामुळे आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचा अहवाल कायम "सॉकसभा" नावानं राहिला. आणि व्हायरस? ते पण होते. १९९२ साली मायकेलँजेलोची काय दहशत होती, ६ मार्च ही तारीख आली की तो हार्डडिस्क पुसायचा. त्यावर आमच्याकडे अँटिव्हायरस एकच, ६ मार्चला मशीन सुरूच करायचं नाही.

पण खडूस असलं तरी ऐकायचं. डेल स्टार डॉट स्टार, म्हणजे सगळ्या फायली पूस, म्हटलं की एकदा विचारायचं, खात्री आहे का, वाय का एन. वाय म्हटलं की पुसलं. तुमचा मूर्खपणा हा तुमचा हक्क होता. आता माझंच मशीन सुरू करायला ईमेल, पासवर्ड, वर मोबाईलवर ओटीपी. पत्र लिहायच्या सॉफ्टवेअरचं दरवर्षी भाडं. भाडं थकलं तर मी लिहिलेलं पत्र मलाच नुसतं वाचता येणार, हात लावायचा नाही. स्टार्ट बटण दाबावं तर आत जाहिरात. स्वतःच्या पैशानं घेतलेल्या मशीनवर जाहिरात! याचा राग येणारा मी एकटाच आहे का, की सगळ्यांनी आता सोडूनच दिलंय?

असो. तिकडं शेवटी शंभर टक्के झालं. सगळे पुढे सरकलो. तर मशीन म्हणालं, "तुमच्यासाठी सगळं तयार करतोय." मग म्हणालं, ब्राउझर निवडा.

"काय म्हणतंय ते?" टोपीवाले.

"ब्राउझर कुठला पायजे इचारतंय," पोरगं.

"त्येला म्हणावं, आधी ह्या पावण्यांची प्रिंट काड."

प्रिंट निघाली नाही. अपडेटनंतर प्रिंटर ऑफलाइन. ऑफिस बंद झालं ते झालंच, आणि पोरगं म्हणतंय, "नेट फास्ट असतं तर झालं असतं ओ."

त्या रागात घरी येऊन माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला आणि त्यात फ्रीडॉस टाकलं. मायक्रोसॉफ्ट आता डॉस गुंडाळणार म्हटल्यावर जिम हॉल नावाच्या एका अमेरिकन विद्यार्थ्यानं १९९४ साली तसंच दुसरं डॉस लिहायचं हे काम सुरू केलं, ते अजून चालू आहे, फुकट आहे. चालू केलं, सी कोलन आलं, आणि पुढे काहीच नाही. कुणी स्वागत केलं नाही, कुणी ईमेल मागितला नाही. मी डीआयआर मारलं, म्हणजे फायलींची यादी मागितली, मग परत मारलं, मग उगाचच एक डिरेक्टरी केली. बायको दोनदा डोकावून गेली, मग म्हणाली, "मी जेवून घेतो. तुमचं ते काळं बघून झालं की या."

एकच अडचण आहे. प्रिंटर यूएसबीचा, आणि या फ्रीडॉसबाबाला एलपीटी१, म्हणजे जुन्या प्रिंटरची ती रुंद जोडणी, तिच्याशिवाय दुसरं काही ठाऊक नाही. तर कोल्हापुरात कुणाकडे जुना डॉट मॅट्रिक्स पडून असेल, चालू, रिबनसकट, तर कळवा. एकशे बत्तीस कॉलमचा असेल तर रिक्षा करून येतो.