प्रतीके निष्प्रभ होतात ती कशामुळे?
विज्ञान आणि शिक्षणाच्या प्रसारामुळे सामायिक सांस्कृतिक व धार्मिक प्रतीकांची पकड सैल झाली, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातील प्रतिपादन मला अपुरे वाटते; त्यावर लेखाने सुचवलेला उपाय म्हणजे प्रतीकांचे अर्थ शाळेत शिकवणे. प्रतीकाचे सामर्थ्य वस्तूत नसून तिच्याभोवती एकत्र येणाऱ्या समूहात असते, हे एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ मध्येच मांडले होते. त्यामुळे ज्ञान वाढल्यापेक्षा एकत्र येणे घटल्याचा परिणाम अधिक खोल असावा.

रेडक्रॉसच्या चिन्हाचे उदाहरण घ्यावे. १८६४ च्या जिनिव्हा कराराने ते स्वीकारले, तेव्हा त्यामागे धार्मिक हेतू नव्हता. तरीही काही वर्षांतच ऑटोमन साम्राज्याने त्याऐवजी तांबडी चंद्रकोर वापरली आणि २००५ मध्ये तांबडा स्फटिक हे आणखी एक चिन्ह मान्य करावे लागले. म्हणजे एकच खूण सर्वांची होणे तेव्हाही सोपे नव्हते. मात्र या तिन्ही चिन्हांना वजन आहे ते एका बंधनामुळे: ते चिन्ह दंडावर असलेल्या, जखमींना उचलून नेणाऱ्या माणसावर गोळी झाडायची नाही. हे बंधन जिथे पाळले जात नाही, तिथे चिन्ह केवळ कापडापुरते उरते, आणि ही मला फार गंभीर गोष्ट वाटते.

आज निधनाची बातमी कळताच मोबाईलवर जोडलेल्या हातांचे चित्र पाठवले जाते. भावना खरी असेलही, पण पाठवणाऱ्यावर कसलीच जबाबदारी येत नाही. प्रतीकाला वजन येते ते अशा जबाबदारीमुळे, केवळ अर्थ ठाऊक असल्याने नव्हे; म्हणूनच अर्थ शाळेत शिकवण्याचा त्या लेखातील उपाय मला पटत नाही.