‘महापालिकेनं काहीच केलं नाही’: फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

घरपट्टीची बिलं यायला लागली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज हमखास येतो. यंदा तो मला आधी नणंदेकडून आला, मग शाळेतल्या सहकाऱ्याकडून, मग दूधवाल्या दादांच्या स्टेटसवर दिसला. त्याचं सार असं: कोरोनात नाशिक महापालिकेनं काहीच केलं नाही. लॉकडाऊन लावून दुकानदार बुडवले. बाजारात शिरायचे पाच-पाच रुपये उकळले. लोकांच्या पोटापाण्याचं सगळं संस्थांनी आणि पोरांनी बघितलं. उपचार खासगी रुग्णालयांनी केले. महापालिकेच्या रुग्णालयात गेलेली माणसं ऑक्सिजनवाचून मेली. तेव्हा घरपट्टी भरू नका आणि हे दवाखाने खासगी संस्थांना चालवायला देऊन टाका.

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, माझा पगार तिथून येतो. हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा. पण त्याच नोकरीमुळे त्या दोन वर्षांत या शहराच्या गल्ल्या मी जवळून पाहिल्या, आणि हा मेसेज निमूटपणे पुढे जाताना बघवत नाही.

लॉकडाऊनचं आधी. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला तो केंद्राच्या आदेशानं, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. राज्यानं १८९७ चा साथरोग कायदा वापरून आपले नियम काढले. जिल्ह्यात आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात जिल्हाधिकारी. एप्रिल २०२१ मधले ‘ब्रेक द चेन’ नावाचे निर्बंध मंत्रालयातून आले, आणि त्या जूनमध्ये कुठला जिल्हा किती उघडायचा याचे पाच स्तरही तिथूनच ठरले. महापालिकेच्या हातात होतं ते प्रतिबंधित क्षेत्र: कुठली इमारत, कुठली गल्ली बांबू बांधून बंद करायची. त्यावर बोला ना! एका गल्लीत रुग्ण निघाला की बांबू बांधायला माणसं तासाभरात येत, पण आत अडकलेल्यांचं दूध, औषध कोण आणणार हे सांगायला दोन-दोन दिवस कोणी फिरकत नसे. ही तक्रार खरी आहे आणि ती महापालिकेविरुद्धचीच आहे. दुकानं बंद झाल्याचा राग मात्र चुकीच्या दारात काढला जातोय.

आता पाच रुपये. हे झालं, कोणी नाकारू नये. मार्च २०२१ च्या अखेरीस रुग्ण झपाट्यानं वाढत होते. महिनाअखेरीला भरायचं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही पुढे ढकलावं लागलं होतं (ते शेवटी डिसेंबरात झालं). तेव्हा शहरातल्या काही गर्दीच्या बाजारांत माणशी पाच रुपयांची पावती आणि एका तासाची मुदत ठरली. तासापेक्षा जास्त रेंगाळलं तर ५०० रुपये दंड. ही कल्पना पोलिसांनी पुढे आणली होती, पूर्ण लॉकडाऊन टाळण्यासाठी म्हणून, आणि पावत्या फाडायचं काम महापालिकेच्या माणसांकडे होतं. माझ्या मते निर्णय चुकला होता. गर्दी कमी करायला निघालो आणि पावतीसाठी दोरीपाशीच रांग लागली. शिवाय ज्या बाईला दोन जुड्या मेथी घ्यायची आहे तिला पाच रुपये लागतात, आणि सराफ बाजारात जाणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही. पण ‘वर्षभर लुटलं’ असं मेसेजमध्ये लिहिलंय ते साफ खोटं. आठवडाभरातच, ५ एप्रिलपासून, राज्याचे निर्बंध आले, जीवनावश्यक सोडून बाकीची दुकानंच बंद झाली आणि पावतीचा विषय मागे पडला.

‘सगळं संस्थांनी केलं’ यावर मला जरा थांबायचंय, कारण अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्याबद्दल मला फार आदर आहे. मे २०२० मध्ये मुंबई-आग्रा महामार्गावरून उत्तरेकडे निघालेली माणसं ज्यांनी पाहिली, ती विसरणार नाहीत. डोक्यावर बोचकं, कडेवर मूल, पायात फाटलेली चप्पल. पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत नाशिककरांनी रस्त्याकडेला पोळी-भाजी, ताक, पाणी, चपला घेऊन ठाण मांडलं होतं. गणेश मंडळांची पोरं होती, गुरुद्वाऱ्याचं लंगर होतं. १ मे २०२० ला देशभरातून ज्या पहिल्या सहा श्रमिक विशेष गाड्या जाहीर झाल्या त्यात नाशिकहून भोपाळ आणि नाशिकहून लखनौ अशा दोन होत्या. त्या गाड्यांत बसलेली माणसं आधी कित्येक दिवस इथल्या निवारा केंद्रांत होती. तिथली स्वच्छता, पाणी, रोजची तपासणी सरकारी यंत्रणेनं केली आणि ताटातलं अन्न बरेचदा संस्थांनी दिलं. ठक्कर डोमला क्रेडाईनं, म्हणजे बिल्डरांच्या संघटनेनं, महापालिकेच्या जोडीनं कोविड केंद्र उभं केलं. आता यातलं श्रेय काटेकोर वाटून दाखवा!

पण साथीत संस्था जे करू शकत नाहीत, त्याची यादी मेसेज लिहिणाऱ्यानं कधी केली नसावी. गंगापूर आणि मुकणे धरणांतून येणारं पाणी शुद्ध होऊन नळाला येत राहिलं, आणि आपण दिवसातून वीस वेळा हात धुऊ शकलो. घंटागाडी येत राहिली. घरात विलगीकरणात असलेल्यांचा कचरा, त्यात मास्क, सुया, औषधांच्या बाटल्या, हे सगळं त्याच हातांनी उचललं, आणि ते हात बहुतेक कंत्राटी होते. आणि अमरधाम. एप्रिल २०२१ मध्ये तिथं रांगा होत्या. नातेवाईक फाटकाबाहेर उभे, आतले कामगार तो प्लास्टिकचा पोशाख घालून उन्हाच्या काहिलीत एकामागून एक चिता रचत होते. माझ्या थोरल्या दिरांना आम्ही तिथं लांबूनच हात जोडले. महापालिकेची मोफत अंत्यसंस्काराची योजना आहे, लाकडाचे पैसे कोणी मागितले नाहीत. आम्ही तेव्हा विचारण्याच्या अवस्थेतही नव्हतो. ही कामं महापालिकेच्या कायद्यात बंधनकारक म्हणून लिहिलेली आहेत. संस्थेला उद्या जमलं नाही तर ती थांबू शकते, अमरधाम थांबू शकत नाही.

घरोघरच्या तपासणीचं मी स्वतः केलेलं सांगते. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. पथकात तिघं, दिवसाला पन्नासेक घरं, हातात थर्मल गन आणि ऑक्सिमीटर. आमच्या वाट्याला सिडकोचा भाग आला. माझ्यासोबत एक आशाताई होत्या, वस्तीतलं घर न् घर त्यांना पाठ. एका घरात सत्तरीच्या आजी दारात बसून लसूण सोलत होत्या. ताप नाही, खोकला नाही. बोटाला यंत्र लावलं तर ८६. मला वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून स्वतःच्या बोटाला लावलं, ९८. “आजी, दम लागतो का?” “नाही गं बाई, वय झालं माझं.” आशाताईंनी तिथूनच फोन लावला, अँब्युलन्स आली, आजी दोन आठवड्यांनी परत आल्या. या आजाराची ही खोडच होती, ऑक्सिजन उतरला तरी माणूस बोलत-चालत असे. दारोदार फिरल्याशिवाय त्या कुणाला दिसल्या असत्या? आशाताईंना मानधन किती आणि ते कधी मिळतं, याबद्दल मात्र तो मेसेज चकार शब्द काढत नाही.

‘उपचार खासगीत झाले.’ झालेच, अनेकांचे झाले आणि चांगले झाले. पण कोणत्या दरानं? २१ मे २०२० ला राज्यानं खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा ठरवून दिलेल्या दरांत आणल्या: साध्या वॉर्डात दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागात ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. हे दर पाळले जातात का, हे पाहायला महापालिकेनं लेखापरीक्षक नेमले. माझ्या मावशीच्या यजमानांच्या बिलात एका रुग्णालयानं रोजचे पीपीई किट असे लावले होते की जणू प्रत्येक रुग्णासाठी डॉक्टर नवा पोशाख चढवत होते. मावसभावानं बिलाची प्रत घेऊन लेखापरीक्षकाकडे तीन खेटे घातले. चौथ्या वेळी बिल कमी झालं. खेटे घालावे लागले हे वाईटच. पण ते खेटे घालायला एक टेबल होतं, आणि ते महापालिकेचं होतं.

आता झाकिर हुसेन रुग्णालय. मेसेजमधलं हे वाक्य वाचताना माझाही हात थबकतो. २१ एप्रिल २०२१. टँकरमधून टाकीत द्रवरूप ऑक्सिजन भरताना गळती झाली, आवारात पांढरा धूर पसरला, आतल्या रुग्णांचा पुरवठा खंडला. दीडशेच्या आसपास रुग्ण दाखल होते. त्याच दिवशी २२ जण गेले. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली, मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली. हे अपयश महापालिकेचं आहे, कारण रुग्णालय महापालिकेचं आहे. यावर माझं काही वेगळं म्हणणं नाही.

पण मेसेज यातून जो निष्कर्ष काढतो तो उलटा आहे. टाकी बसवली हीच चूक, असं त्यात सुचवलंय. जरा हिशेब मांडू. एका रुग्णाला मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन धरला तर दिवसाला १४,४०० लिटर. दीडशे रुग्णांना २१ लाख ६० हजार. एका जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू मावतो, म्हणजे रोज तीनशेहून जास्त सिलिंडर चढवा-उतरवा, जोडा, काढा. एक लिटर द्रवापासून सुमारे ८६० लिटर वायू होतो, म्हणून १३ किलोलिटरची टाकी एवढ्याच रुग्णांना पाच दिवस पुरते. टाकी हवीच होती. प्रश्न तिच्या भोवतीचा आहे. उणे १८३ अंशांवर उकळणारा द्रव हाताळणारा प्रशिक्षित माणूस चोवीस तास तिथं होता का? एक वाट तुटली की दुसरी आपोआप सुरू होईल अशी जोडणी होती का? झडप कुठली, ती कोणी आणि किती वेळात बंद करायची, याचा सराव वॉर्डातल्या परिचारिकांकडून कधी करून घेतला होता का? आणि ‘खासगीला द्या’ म्हणणाऱ्यांनी हेही वाचावं की त्या टाकीचं काम खासगी कंपनीकडे कंत्राटानंच दिलेलं होतं. कंत्राट दिल्यानं जबाबदारी हलत नाही, फक्त धुरात उभं राहून कोणाला विचारायचं ते कळेनासं होतं.

राहिली घरपट्टी. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, गेला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि त्याच्या भरपाईसाठी महापालिका दर महिन्याला राज्याच्या तोंडाकडे पाहते. स्वतःच्या हातात राहिलेल्या थोड्या उत्पन्नांत घरपट्टी आणि पाणीपट्टी. ती बंद झाली तर आधी कुठला खर्च कापला जाईल? ठेकेदाराचा नाही. कंत्राटी परिचारिका, सफाईवाले, दवाखान्यातली औषधं यांचाच.

एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याच्या बाजूनं सांगायलाच हवी. मार्च २०२२ मध्ये १२२ नगरसेवकांच्या सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक लांबतच गेली. कोरोनात काय चुकलं हे भर सभेत विचारायची वेळ आली तेव्हा विचारायला सभाच उरली नव्हती, कारभार प्रशासकाकडे होता. लोकांचा राग व्हॉट्सअॅपवर साचला तो यामुळेही.

ग्रुपवर मी उत्तर म्हणून हाच मजकूर टाकलाय. सोबत प्रभाग कार्यालयात द्यायच्या अर्जाचा मसुदा जोडलाय, त्यात तीनच मागण्या: झाकिर हुसेनच्या चौकशीतल्या कोणत्या शिफारशी अमलात आल्या ते लेखी द्या, महापालिकेच्या प्रत्येक रुग्णालयात ऑक्सिजनचा सराव शेवटचा कधी झाला त्याची तारीख द्या, आणि आशाताईंचं मानधन किती महिन्यांचं थकलंय ते सांगा. काल रात्रीपर्यंत आमच्या सोसायटीतल्या अकरा जणांनी सही करतो म्हणून कळवलंय. नणंदेनंही.